दोन वाजताचं आभाळ

कोरी वही पाहिली की माझ्या हाताला खाज सुटते, आणि भाचीची वही तर चाळीस पानं कोरी होती. प्रत्येक पानावर शाळेचा शिक्का, वर एकेक तारीख, खाली पांढरंशुभ्र मैदान.

जूनचा शेवट होता. पाऊस कुठेतरी अडकलेला, हवा श्वास धरून बसल्यासारखी. अमरावतीहून सहाच्या एसटीनं निघून अकोल्यात बहिणीच्या घरी पोचलो, आंब्यांची पिशवी खाली ठेवली, तर भाची दिवाणावर बसून नखं खात होती.

"काय झालं व?"

"मामा, मी मेली."

त्याच दिवशी सकाळी अकराला तिची शाळा उघडणार होती. सुट्टीचा अभ्यास असा की रोज दुपारी दोन वाजता अकोल्याचं आभाळ पाहायचं आणि तापमान, ढग, वारा लिहायचा. सगळ्यात चांगल्या वहीला जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात जागा. मागच्या वर्षी ती जागा तिच्या हातून थोडक्यात गेली होती आणि तिनं दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. यंदा तिला जायचंच होतं. पण भाऊजींची नोकरी धारणीला. मायलेकी सगळी सुट्टी तिकडे आणि वही इकडे कपाटात. दोघी आदल्या संध्याकाळीच परतल्या होत्या.

"विज्ञानाले कोण हाय तुले?"

तिनं नाव सांगितलं आणि मी आपोआप ताठ उभा राहिलो. त्याच बाई. मलाही याच शाळेत त्यांनीच शिकवलं. त्या कधी ओरडत नसत. जितकी चूक मोठी, तितका त्यांचा आवाज लहान व्हायचा.

शहाण्या माणसानं इथं उठून आंबे धुवायला घेतले असते. मी बाह्या सरसावल्या.

"पेन आण. एक नाही, चार. रोज एकाच पेनानं कोण लिहितं?"

तापमानाचे आकडे मोबाइलमध्ये सापडले. उरलं आभाळ, ते मी पुरवलं. मी येरझारा घालत सांगायचो, ती लिहायची. एका पानावर चहाचा गोल डाग पाडला, एका पानावर 'अंगात ताप, नोंद घेतली नाही' असं टाकलं. सत्ताविसाव्या पानावर तर मी डोळे मिटून थरथरत्या आवाजात म्हणालो, "आकाश निरभ्र. वारा नाही. झाडाचं पानही हलत नाही."

"लय भारी, मामा," भाची म्हणाली.

ताई पोळ्या लाटता लाटता दारात आली. "हे काही मले बरं दिसून नाही राहिलं."

"ताई, आभाळाची साक्ष काढाले कोणी जात नाही."

साडेदहाला चाळिसावं पान भरलं. मी तिला सोडायला निघालो, अगदी विजयी वीरासारखा.

शाळेच्या फाटकात पाऊल टाकलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. सायकल स्टँडवर ऊन पडलं होतं. तिथं कधी ऊन पडत नसे. वरचे पत्रे गायब, नुसते लोखंडी दांडे उरले होते, बरगड्यांसारखे.

शिपायाला विचारलं, "भाऊ, टिनं कुठं गेली?"

"उडाली ना! काय वादळ होतं ते! दुपारी दोनच्या सुमाराले. एक टिन तर त्या कडुलिंबात जाऊन अडकलं. तुमी गावात नवते काय?"

भाची पांढरी पडली. "कोण्या तारखेले, काका?"

"तारीख नाही मालूम. माह्या साळीच्या पोरीची हळद होती त्या दिवशी. मांडव गेला, पोरगी तशीच पिवळी."

"पत्रिका पाहा ना भाऊ!"

"पत्रिका काय मी खिशात घेऊन फिरून राहिलो काय?" पण त्याला दया आली आणि त्यानं बायकोला फोन लावला. "अवं, हळद कोण्या तारखेले होती?... अवं, भांडू नको, तारीख सांग."

त्यानं तारीख सांगितली. भाचीनं त्या तारखेचं पान उघडलं, सत्ताविसावं. झाडाचं पानही हलत नव्हतं.

"पेन दे," मी म्हणालो. "खाली लिहू, नंतर अचानक..."

"बस झालं, मामा."

वही छातीशी धरून ती आत गेली. मी वर्गाबाहेरच्या खांबामागे उभा राहिलो.

बाई आल्या. केस पांढरे झालेले, चष्मा आणि आवाज तोच. "सगळ्यांनी एकच पान उघडा," त्या म्हणाल्या आणि तीच तारीख सांगितली.

भाची न विचारता उभी राहिली. "मॅडम, मी त्या दिवशी धारणीले होती. वहीतलं आभाळ माह्या मामानं केलं."

"मामा कुठे आहे?"

"खांबामागं."

अख्खा वर्ग वळला. मी पुढे झालो. बाईंना मला ओळखायला क्षणही लागला नाही. त्यांनी ते पान हळूच वाचलं, खिडकीतून उघड्या दांड्यांकडे पाहिलं.

"तू सुधारला नाहीस." आवाज इतका लहान की मला वाकावं लागलं. "हिचं नाव मी आज लिहीत नाही, कापतही नाही. आजपासून चाळीस दिवस ही अकोल्याचं आभाळ लिहील, तू अमरावतीचं. रोज दोन वाजता, उघड्यावर उभं राहून. प्रदर्शनात तीच तुलना मांडायची. तुझी एक जरी नोंद खोटी निघाली, तर हिचं नाव गेलं."

मी हसत म्हणालो, "बाई, तुम्हाला इथं बसून कसं कळणार?"

"माझी बहीण अमरावतीला असते. कुठे, ते सांगणार नाही."

आज एकतिसावा दिवस. ऑफिसातल्या एकाच्या निरोपाचं जेवण होतं, हॉलमध्ये पंगत बसलेली, माझ्या ताटात नुकताच पाटोडीचा रस्सा पडलेला. दोनला फोन वाजला.

"मामा, बाहेर हाव ना?"

"हो."

"मग वारा कुठून हाय?"

मी पंगतीवरून नजर फिरवली. तीन म्हाताऱ्या बायका होत्या, तिघींनाही चष्मे. त्यातल्या एकीनं घास तसाच हातात धरला होता.

"थांब," मी म्हणालो आणि खरकट्या हातानं गच्चीचा जिना चढलो. पश्चिमेकडून काळे ढग खाली उतरत होते, वारा अगदी पडलेला. ते खरंखुरं सांगितलं. पलीकडे पेनाची कुरकुर ऐकू आली.

फोन ठेवला आणि मान वळवली. समोरच्या गच्चीवर एक बाई उभी होती. ती आभाळाकडे पाहत नव्हती.