कावळ्याला दिलेला शब्द

आमच्या मालकांचा फोन वाजला की माझं गुडघं दुखायला लागत्यात. हसू नका. फोनचा आन् गुडघ्याचा काय संबंध, तेच सांगायला बसलेय.

मालकांचं नाव बाळासो. उभा जन्म उद्यमनगरात एका फौंड्रीत मोल्डर म्हणून काढला. हातावर अजून भाजल्याचं डाग हायत. आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर दिवसपाळीला बसत्यात. एमआयडीसी पंचतारांकित आन् ह्यांची खुर्ची तीन पायांची, चौथ्या पायाखाली वीट. पण तक्रार म्हणून न्हाय. भाजीवाली सांगंल तो भाव देत्यात आन् वर तिच्या पोराबाळांची चौकशी करून येत्यात. शब्द दिला म्हंजे संपलं. एकदा कुणाला तरी गारगोटीला लग्नाला येतो म्हणालेलं, तर अंगात ताप असताना यष्टीनं गेलं, अक्षता टाकल्या आन् न जेवताच माघारी आलं. नवरा कोण, नवरी कोण, ह्यास्नी पत्ता न्हाय. असल्या माणसासंगं संसार केलाय मी.

थोरलं भावजी, गणपतराव, म्हंजे मालकांचं सख्खं भाऊ. त्यांचा टेंपो हुता, गुऱ्हाळावरचा गूळ मार्केट यार्डात टाकायचं. मालकांपेक्षा चार-पाच वर्सांनीच थोरलं, पण ह्यास्नी बापाच्या जागी तेच. बाप लवकर गेल्यावर भावजींनीच ह्यास्नी कामाला चिकटवलं, लगीन करून दिलं. तर त्या भावजींस्नी एक दिवस गुळाच्या ढेपा उतरवता उतरवता छातीत कळ आली आन् दवाखान्यापतोर बी पोचलं न्हाईत. त्याला आता सतरा-अठरा वर्सं झाली.

तिसऱ्या दिवशी पंचगंगेच्या घाटावर रक्षाविसर्जन. सगळी भावकी जमलीती. पान मांडलं. भावजींच्या आवडीची कांदाभजी, कपात चहा, तंबाखूची पुडी, सगळं ठेवलं. कावळं समोरच्या झाडावर वळीनं बसल्यालं, पण खाली एकबी उतरंना. कावळा शिवला न्हाय म्हंजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, हे आपल्यात बारक्या पोराला बी ठाऊक असतंय. कुणी म्हणालं, ‘गणपतराव, पोरीचं लगीन थाटात करू.’ कावळा ढिम्म. कुणी म्हणालं, ‘तुझ्या बायकोला, बयाबाईला, उघड्यावर पडू देत न्हाय.’ ढिम्म. ऊन चढलं, लोकांस्नी कामावर जायचं हुतं, मागनं हळूच घड्याळं बघायला लागलीती. मग आमचं मालक पुढं झालं, हात जोडलं आन् मोठ्यानं बोललं, ‘दादा, तुझं जे काय देणं आसंल ते माझ्या अंगावर. एक रुपाया ठेवत न्हाय. तू जा.’

तोंडातला शब्द पुरा व्हायच्या आत कावळा आला आन् भजी उचलून गेला.

शंभर माणसांनी बघितलं. बाया डोळं पुसायला लागल्या. मालक तिथंच पायरीवर बसून ढसाढसा रडलं. मलाबी तवा भरून आलं, खोटं कशाला बोलू. पण त्या एका भज्यानं माझ्या संसाराचं काय केलं, ते पुढं कळलं.

गावात बातमी फिरायला काय लागतंय? टायरवाला आला, गॅरेजवाला आला. ते खरं हुतं, दिलं. मग पानपट्टीवाला आला. मग कोण कुठला आला आन् म्हणाला, गणपतरावानं माझ्याकडनं तांदळाची दोन पोती नेलती. दिलं. दोन वर्सांनी एकाला तर आपला कोंबडा आठवला! मी म्हणलं, ‘अवो, भावजींच्या गळ्यात माळ हुती. कोंबडा काय पूजायला नेलता का?’ तर मालक म्हणालं, ‘नेला आसंल कुणासाठी तरी. शब्द दिलाय नव्हं.’ कोंबड्याचं बी दिलं. माझ्या पाटल्या ह्यात गेल्या. बयाआक्का, म्हंजे भावजींची बायको, माझी थोरली जाऊ, तिनं दारात येऊन हात जोडलं, ‘भावजी, बास करा आता.’ पण ऐकंल कोण!

तेवढं फिटलं आन् मी म्हणलं, चला, सुटलो. टेंपोच्या कर्जाचं कुणाच्या ध्यानात बी न्हवतं. टेंपो फायनान्सवाल्यांनी तवाच ओढून नेलता, आमास्नी वाटलं मिटलं. ती कंपनी पुढं बुडाली. बुडताना तिनं आपल्या थकबाकीची यादी दुसऱ्या कंपनीला विकली, तिनं तिसरीला. मेलेल्या माणसाचं कर्ज बी बाजारात विकत्यात, हे मला म्हातारपणी कळलं. बटाटं तरी बरं, नासलं की टाकून देत्यात.

पयला फोन आला तीन वर्सांमागं. कर्जाच्या अर्जावर ओळखीचा माणूस म्हणून भावजींनी ह्यांचं नाव दिलतं. त्या तिसऱ्या कंपनीतली पोरगी गोड बोलत हुती, ‘गणपतराव आहेत का?’ मालक म्हणालं, ‘ते वारलं, मी भाऊ.’ तिथं फोन ठेवायचा की न्हाय? तर ह्यांनी तिला घाट, पान, भजी, कावळा, समदी कथा सांगितली. वर म्हणालं, ‘मी शब्द दिलाय बाई.’ आगं बाई! तिला आयतंच घावलं. त्या दिवसापासनं फोन थांबला न्हाय. जेवताना फोन, आंघोळीला बसलं की फोन, कुणाच्या मयतीत गेलो तरी फोन. कोण हिंदीतनं दम देतंय, कोण म्हणतंय दारावर नोटीस चिकटवतो. नंबर बदला म्हणलं, तर म्हणालं, ‘तोंड लपवायला मी काय चोरी केलीय?’ एकदा मीच फोन हिसकावून घेतला आन् समोरच्याची अशी खरडपट्टी काढली की शेजारीण भिंतीवरनं डोकवाय लागली. दुसऱ्या दिवशी परत फोन. त्यास्नी काय, त्यांचा तोच धंदा.

ह्या सगळ्यात माझं गुडघं गेलं. दोन्ही झिजल्यात. डॉक्टर म्हणालं, बदलायला पायजेत. म्हस विकली, भिशी उचलली, तवा कुठं एका गुडघ्याचं पैसं झालं. दिवाळी झाली की आपरेशन करायचं ठरलंतं. रोज सकाळी संडासला बसताना मी दिवाळी मोजत हुते. लाज कसली, खरं हाय ते.

आन् बरोबर भादव्यात वसुलीवाला घरी आला. आदर्श नाव. शाहूवाडीकडचा, पस्तिशीतला, केस गेल्यालं, शर्ट घामानं पाठीला चिकटल्याला. मी त्याला शिव्या घालायच्याच बेतात हुते, पण त्यानं दारात चपला काढल्या आन् म्हणाला, ‘काकू, पाणी मिळंल का?’ आता पाणी मागितल्यावर काय करणार! पाणी दिलं, चहा बी दिला. चहा पिता पिता म्हणाला, ‘काका, सव्वा लाखात सेटलमेंट करून देतो. ह्या कागदावर सही करा, परत एक फोन येणार न्हाय. मलाबी वरनं टार्गेट हाय ओ. घरी भाताचं वाईच रान हाय, त्यात भागत न्हाय.’ त्याचं तोंड बघून मला राग बी धड येईना. तो दमलेला, आम्ही दमलेलं.

सव्वा लाख. माझा गुडघा जेवढ्याचा, तेवढंच.

मी मालकांस्नी ओढत वकिलीणबाईंकडं नेलं. सरोजिनीबाई म्हणून हायत, शांत बाई. कागद बघून त्या म्हणाल्या, ‘काका, या देण्याची मुदत कधीच संपली. कोर्टात हे टिकत नाही. आणि तुम्ही तर जामीनही नव्हता, तुमची सही कुठंच नाही. फक्त आता नव्यानं सही करू नका. “मी देईन” असं लिहून दिलंत, की मेलेलं देणं तुमच्या नावावर उभं राहील.’ मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मालक मात्र टोपी हातात फिरवत बसल्यालं. म्हणालं, ‘आन् कावळ्याला दिलेल्या शब्दाची मुदत किती असती, बाई?’ बाईंनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, ‘ते माझ्या कायद्यात नाही, काका.’

झालं! तिथंच माझं नशीब फुटलं. दुसऱ्या दिवशी मालकांनी बँकेतनं पैसं काढलं आन् आदर्शाला फोन केला, ‘दादाच्या म्हाळाच्या दिवशी दुपारी वहिनीच्या घरी या. सही करतो.’ मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले न्हाय. ते म्हणालं, ‘तुझं पुढच्या वर्सी करू की.’ पुढच्या वर्सी! विकायला घरात दुसरी म्हस न्हवती.

पितरपाटात भावजींचा म्हाळ, म्हंजे वर्साचं श्राद्ध, दरसाल बयाआक्काकडंच असतो. जेवणाचं पान पयलं वर गच्चीच्या स्लॅबवर कावळ्याला ठेवायचं, तो शिवला की मग माणसांनी जेवायचं. दरसाल पान ठेवून हात झटकंपतोर कावळा येतो. ह्या वर्सी येईना. खाली पावणं खोळंबल्यालं, आमटी निवायला लागली. बयाआक्का म्हणाली, ‘बाळासो भावजी कवाधरनं वर बसल्यात. जा बाई तू, बोलीव त्यास्नी.’

माझं डोस्कंच फिरलं. म्हणलं, आज त्या कावळ्याला आन् ह्यास्नी, दोघास्नी बी सोडत न्हाय. निघाले जिना चढायला. आक्काच्या जिन्याला कठडा न्हाय. एक पाय टाकायचा, दुसरा हातानं उचलून वर घ्यायचा. निम्म्यात पाय उचलंचना, मग पायरीवर बसले आन् बसूनच मागं मागं सरकत वर गेले. घाम डोळ्यात जात हुता. तोंडात दहा शिव्या तयार ठेवलेल्या.

वर मालक पानापुढं हात जोडून बसल्यालं. पैशाची पिशवी मांडीवर. ‘देतो दादा, आजच देतो, एवढा शिव की,’ असं पुटपुटत हुतं. कावळा पाण्याच्या टाकीवर, मान वाकडी करून बघत बसल्याला. माझ्या धापेच्या आवाजानं त्यांनी मागं वळून बघितलं. मी जिन्याच्या तोंडाला दोन्ही हात टेकून, रांगत्या पोरागत. एवढ्या वर्सांत मला जिना चढताना त्यांनी बघितलंच न्हवतं. घरात जिनाच न्हाय आमच्या. शिव्या माझ्या तोंडातनं बाहीर पडंनात, नुसती धाप.

त्यांनी माझ्या गुडघ्यांकडं बघितलं, मांडीवरच्या पिशवीकडं बघितलं. मग पानाकडं वळलं. आवाज असा बारीक, की मला नीट ऐकू बी येईना.

‘दादा, माझ्यानं आता व्हत न्हाय. मी दमलो.’

कावळा टाकीवरनं उतरला. पानावर आला, भज्यात चोच घातली आन् तिथंच निवांत खात बसला.

तेवढ्यात मालकांच्या खिशात फोन वाजला. आदर्शच हुता, कोपऱ्यापतोर आलोय म्हणत हुता. मालकांनी ऐकून घेतलं आन् म्हणालं, ‘पावणं, सही करत न्हाय मी. पैसं बी देत न्हाय. ज्याला शब्द दिलता, त्यानं सोडलं मला. तुम्ही जेवायला या. म्हाळ हाय, उपाशी जाऊ नका.’

आदर्श आला, पंगतीला बसला, पोटभर जेवला. सहीचं काढलं न्हाय त्यानं. फोन अजून येत्यात, दुसरं कोण कोण करत्यात. मालक आता ‘न्हाय’ म्हणत्यात आन् ठेवत्यात.

पण त्या दिवशी खाली उतरतानाचं सांगायचं राहिलं. मालकांनी मला धरलंतं. दोन पायऱ्या उतरलो आन् ते थांबलं. कठडा न्हाय, मला वाटलं तोल गेला. तर म्हणालं, ‘तानाबाई, दादा कवाचा सोडायला तयार हुता बघ. मीच कधी इचारलं न्हाय.’

मी म्हणलं, ‘पायाकडं बघा. पडाल.’