उरलेले कौरव

दुपारी आपल्याला झोप लागत नाही असं कालिंदी सगळ्या जगाला सांगते, आणि जेवण झाल्यावर पाठ टेकली रे टेकली की तिचे डोळे मिटतात. आजही तेच चाललंय. फक्त आज ती पलंगावर नाही. पुढच्या खोलीत, लाकडी चौकटीवर ताणून बसवलेल्या रेशमी स्टोलपाशी, भिंतीला टेकून खालीच बसलीय. हातात सगळ्यात बारीक ब्रश आहे. तो तिचा नाही, इंदूवन्संचा आहे, आणि त्याला हात लावायचीसुद्धा तिला किळस येतेय.

येणारच हो! इंदूवन्सं म्हणजे तिची थोरली नणंद. लग्न केलं नाही, याच घरात राहिल्या, आणि दोघींनी मिळून इतकी वर्षं रेशमावर फुलं रंगवली. पाकळ्या, पानं, मागची रंगभरणी कालिंदीची. बारीक रेघा वन्संच्या. पण त्यांची पद्धत बघवत नसे. ब्रश धुतला न धुतला असा पाण्यातून काढायचा, तोंडात घालायचा, ओठांत फिरवून टोक आणायचं आणि मग रंगात. दिवसभर तेच. जीभ कधी हिरवी, कधी लाल, आणि त्याच तोंडानं चहा. कालिंदीनं त्यांचा कप वेगळा ठेवला होता.

चैत्रात वन्सं गेल्या. तोंडात गंगाजळ घालायला ओठ उघडले, तर दवाखान्यात इतके दिवस काढूनही आत जीभ जांभळीगर्द! शेजारच्या सावंतकाकू दचकून मागे सरल्या. "अगं बाई, काही खाल्लं-बिल्लं की काय यांनी?" आणि कालिंदी भर मयतीत ओरडली होती, "ब्रश चाटायच्या हो त्या!"

आणि आता हा स्टोल. उद्या तिच्या मुलीचा, गार्गीचा साखरपुडा. आत्यानं रंगवायला घेतलेला स्टोलच खांद्यावर घेणार म्हणून पोरगी हटून बसलीय. कृष्णकमळाचा वेल आहे. सगळी फुलं झालीत, शेवटचं तेवढं राहिलंय. कृष्णकमळातल्या त्या केसासारख्या जांभळ्या तंतूंना आपल्याकडे कौरव म्हणतात ना, त्यातले अर्धे कौरव रंगवून वन्सं गेल्या. उरलेले कोण काढणार? सकाळपासून कालिंदी चिंधीवर हात बसवतेय, पण ब्रशला टोक म्हणून येत नाही. केस फाकतात आणि रेघ गांडुळासारखी जाड उमटते. रेशमावर पडलेला रंग निघत नसतो. एक रेघ चुकली की वन्संच्या हातचं शेवटचं कामही गेलं. "तू बिघडवशील गं आई," असं गार्गी स्पष्टच म्हणालीय.

पंखा फिरतोय. मग त्याचा आवाज लांब जातो.

"पाण्यानं टोक येत नाही, कालिंदे."

चौकटीच्या पलीकडे वन्सं बसल्यात. तीच अबोली साडी, पदराला पुसलेले रंग. कालिंदीला आश्चर्य वाटत नाही. आधी मनात येतं ते हेच, की आता ही बाई तोंड उघडणार.

"जीभ दाखवू नका," ती म्हणते.

वन्सं हसतात, आणि दाखवतातच! पट्ट्यापट्ट्यांची जीभ, पोपटी, जांभळी, हळदी.

"शी! वन्सं, मेल्यावर तरी!"

"मेल्यावर कोण घासून देणार होतं?"

कालिंदी तोंड फिरवते, तर ती कार्यालयात पंगतीला बसलेली आहे. उद्याचंच कार्यालय. गार्गी लांब कुठेतरी पाठमोरी उभी आहे, खांद्यावर काहीच नाही. पानं मांडलीत. मिठाच्या जागी निळा रंग, चटणीच्या जागी हिरवा, भाताच्या मुदीवर जांभळा ओतलाय आणि तो शितांतून हळूहळू खाली उतरतोय. शेजारच्या पाटावर वन्सं बोटं चाटत जेवतायत.

"जेव की गं."

"मला ओकारी येतेय. त्या रंगाच्या बाटलीवर छापलंय, पोटात गेलं तर डॉक्टरला दाखवा म्हणून!"

"दाखवली होती की जीभ डॉक्टरला. त्याला हसू आवरेना." वन्सं पान पुसून घेतात. "आणि तुला सांगू? मलाही तुझी किळस यायची."

कालिंदी वळून बघते. "माझी? कशाची?"

"फिनेलची! तुझ्या हाताला कायम वास यायचा. त्या हातानं कणीक मळायचीस. प्रत्येक पोळीला फिनेल. मी श्वास धरून गिळायची."

"मग बोलला नाहीत कधी?"

"तू तरी कुठे बोललीस? माझा कप तेवढा बाजूला ठेवलास. निळ्या फुलाचा. चांगला होता."

कालिंदीला राग येतो. भलताच राग येतो. आपण इतकी वर्षं नाक मुरडत होतो आणि समोरचं माणूस आपल्याला बघून तेच करत होतं! आपल्या हाताला वास? दिवसातून दहादा साबणानं धुतलेल्या हाताला? ती हात नाकाशी नेते. येतो. फिनेलचा भपकारा येतो, डोळ्यांत पाणी आणणारा.

"अहो, खरंच घाण येते हो!"

"मग? मी काय उगाच बोलते?"

पंगत कधी उठली कळत नाही. हा दवाखाना आहे. खाटेवरची चादर चारी बाजूंनी टाचण्या मारून ताठ ताणलीय, रेशीम ताणतात तशी, आणि तिच्यावर वन्सं निजल्यात. ओठ सुकलेत. कालिंदीच्या हातात ओला कापूस आहे, ओठ भिजवायचे आहेत. त्या शेवटच्या दिवसांत तिनं हे केलं होतं, तोंडाला पदर लावून. आताही ती पुढे वाकते, तर हातात कापूस नाहीच, ब्रश आहे. ती तोच ओठांवरून फिरवते. ओठ जांभळे होत जातात.

"गार्गीला काय सांगशील?" वन्सं हळू विचारतात.

"झालं नाही म्हणून सांगीन. नाहीतर काय करू? माझ्यानं ते व्हायचं नाही, वन्सं. दुसऱ्याचं उष्टं... माझ्या पोटात ढवळतं."

"ढवळू दे. माझ्या नव्हतं ढवळत? तरी दोन पोळ्या जेवत होतेच ना रोज. मागून घेऊन."

कालिंदी ब्रश मागे घ्यायला बघते. वन्सं ब्रश तिच्या हातातून काढून घेत नाहीत. नुसतं मनगट धरतात आणि ब्रश तिच्याच तोंडाकडे वळवतात. त्यांची बोटं गार आहेत.

"आ कर. लहान पोरासारखं काय करतेस?"

"शी शी शी!" कालिंदी म्हणते आणि आ करते.

पंख्याचा आवाज जवळ येतो. मान अवघडलीय, पदर घामानं भिजलाय. ब्रश मांडीवर पडलाय, कोरडाठक्क. जांभळ्या रंगाची बाटली कपाटात, बूच घट्ट लावलेली. पण तोंड कडू आहे. ती धडपडत न्हाणीघरात जाते, आरशासमोर जीभ काढते आणि बघतच राहते. टोकापासून मधोमध, जांभळीगर्द.

ती नळ सोडते. चूळ भरते, पेस्ट घेऊन जीभ खसाखसा घासते, परत चूळ भरते. रंग जात नाही. हात हुंगते. फिनेल.

"आई! झालं का? रंग पक्का व्हायला वाफ कधी द्यायची मग त्याला?" बाहेरून गार्गी हाक मारते.

कालिंदी तोंड पुसते. पुढच्या खोलीत येऊन चौकटीपाशी मांडी घालते. कपाटातली बाटली काढून बूच उघडते, ब्रश पाण्यातून काढते. केस फाकतात ते फाकतातच. ती डोळे गच्च मिटते, नाक दाबते आणि ब्रश तोंडात घालून ओठांत फिरवते. घाण लागतं, अगदी घाण! डोळे उघडून बघते, तर सुईसारखं टोक आलेलं.

गार्गी दारात उभी. "आई, तुझी जीभ! तू काय करतेयस हे? शी!"

"शी म्हण हवं तर," कालिंदी म्हणते, "पण चौकट धर तिकडून. हलवू नकोस."

आणि श्वास धरून ती उरलेल्यांतला पहिला कौरव काढते.