गिरणीतली गाठ

हिंगणघाटची गिरणी बंद पडली आणि सुताच्या बॉबिनी भरण्यात जन्म घालवलेले माझे यजमान घरी बसले. मन रमावं म्हणून माझ्या भावाने त्यांना मासे धरायच्या गळाची चकरी आणून दिली. अंगठ्याने दोरा इकडून तिकडे सरकवत त्यांनी ती बॉबिनीसारखी सुबक भरली. नायलॉनचा दोरा कमी पडला, तेव्हा गिरणीतली गाठ मारून तुकडा जोडला. ती गाठ सुताला धरते, नायलॉनवर निसटते. वणा नदीवर पहिलाच मासा गळासकट गेला.

“दुसरी गाठ शिका न!” मी खेकसले.

“हाताले एवढंच येते,” ते म्हणाले.

नदीवर पुन्हा गेले नाहीत. पण गिरणीतल्या पाळीच्या वेळी चकरीचा दोरा उकलून बसायचे आणि पाळी सुटायच्या वेळी भरून उठायचे. शेवटी मीच पूर्वीसारखा डबा भरून द्यायला लागले.