एरिक साहेबाचं भजन

"हे लोक टाळ घेऊन का आलेत?" पायपेटीवरचे हात उचलून एरिक साहेबानं मला इंग्रजीत विचारलं.

चूक माझीच होती. उमरावतीच्या कापूस बाजारात मी त्याचा दुभाषी होतो. दुभाष्याला दोन भाषा याव्या लागतात. मला दीड येत होत्या.

साहेब फिनलंडचा. तो मुलूख रशियाच्या बादशहाच्या ताब्यात आहे, एवढंच मला ठाऊक. आमच्या एजंटाकडे तो सँपल पाहायचा, म्हणजे रुईची चिमूट दोन्ही अंगठ्यांत ओढून धागा किती लांब निघतो ते बघायचा. जीव मात्र गाण्यात. कवितेला चाल लावायची आणि पेटीच्या साथीवर एकट्यानं गायची, ही त्याच्या देशाची तऱ्हा. तिकडे गुरूनं त्याची गाणी टाकाऊ ठरवली होती. मला म्हणाला, "एकदा माणसांपुढे गाऊन बघतो. कुणी शेवटपर्यंत बसलं नाही, तर गाण्यांच्या वह्या चुलीत."

माणसं जमवायचं काम माझ्याकडे आलं. असल्या गाण्याला आपल्याकडे म्हणतात काय, ते सुचेना. गाडीतळावर मी सांगून टाकलं, साहेबाचं भजन आहे.

आता भजनाला वऱ्हाडात नुसतं ऐकायला कोण येतं? साहेबाची पहिली ओळ संपताच गाडीवानांनी ती टाळांवर उचलली. शब्दांचा चेंदामेंदा, चाल मात्र बरोबर. साहेब लालबुंद होऊन थांबला. माझी नोकरी गेल्यात जमा होती.

"काहून गोंधळ घालून राहिले?" मी पुढे बसलेल्या तुळशीराम गाडीवानाला दटावलं.

"तुमीच त भजन म्हनलं, मुनशीजी. मानूस एकटा गाऊन राहिला, मांगं ओळ ओढाले कोनी नाई. कशाचं गानं हाय हे?"

साहेबाला विचारून मी सांगितलं. तळं गोठलंय, पोराची नाव अडकलीय, आई काठावर उभी आहे.

"मंग? असं गानं त्याले एकट्याले गाऊ द्याचं?"

हे मी साहेबाला जसंच्या तसं सांगितलं. सजवून सांगण्याइतकं इंग्रजी मला येत नव्हतं. त्यानं वहीचं पहिलं पान पुन्हा काढलं. मग सुरुवातीपासून गायला लागला, आणि दर ओळीनंतर थांबायला लागला. गाडीवानांनी एकही ओळ खाली पडू दिली नाही. शेवटी साहेब रडत होता. मीही रडलो, गाण्यातलं मला ओ की ठो कळत नसताना.

वह्या चुलीत गेल्या नाहीत. त्या गाण्यात साहेबानं पुढे बदल केला: दर ओळीनंतर तीच ओळ पेटीनं पुन्हा वाजवायची. त्याच्या देशात टाळकरी मिळत नाहीत.

दुभाष्यानं नेमक्या शब्दासाठी अडून बसू नये, हे मी तेव्हा शिकलो. मला तो सापडला असता, तर त्या गाण्याकडे कुत्रंही फिरकलं नसतं.