आमच्या ओसरीवर माणसं मिळनात!

"सून शिकलेली हाय खरी, पर भिऊ नका. तिला काही करू देणार न्हाई!"

लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात हे वाक्य मी स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलं. बोलणारे माझे सासरे, अण्णा. ऐकणारे शेजारचे भुजंगराव. ते माझ्या कानांसाठी नव्हतंच. माझं बी.एस्सी. बी.एड. लग्नपत्रिकेवर ठळक छापलं होतं; मला शाळेत शिकवायचंय, हे मात्र कुणी छापलं नव्हतं.

तर मानवतच्या या घरात ओसरी आणि चूल यांच्यामध्ये एकच दार आणि चहाच्या सगळ्या खेपा माझ्याकडं. त्यामुळं किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागत नाही. रिकाम्या कपबश्यांबरोबर तेही आत येतात. कपबश्या विसळून होतात, किस्से साठत जातात!

कालव्याचं पाणी आलं, कोरडवाहू रान बागायती झालं आणि गावात नवी रीत पडली. ज्याच्या घरात जास्त माणसं रिकामी, तो मोठा! आधी बायका रानातून घरी आल्या. मग पोरं शिकून घरी बसली. आता अण्णा आणि भुजंगरावही घरीच असतात. सकाळी चहा झाला की ओसरीवर तक्क्याला टेकून दोघं एकच चिंता करतात, "कामाला माणसंच मिळनात हो!"

भुजंगरावांकडं एकच कारण तयार असतं, विद्यापीठाचं नामांतर. मजूर औरंगाबादला गेले? नामांतर! गडी उलट बोलला? नामांतर! एकदा त्यांची म्हैस आटली. मी कप उचलता उचलता थांबले. भुजंगरावांनी तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णाच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता. चारा बदलून बघा."

*

"आमच्या घरच्या बायका कामं करत न्हाईत," असं माझ्या सासूबाई आल्यागेल्याला अभिमानानं सांगतात. मी त्यांना आत्याबाई म्हणते. हे सांगताना त्यांच्या डोक्यावर बहुधा शेणाची पाटी असते.

पेरणीसाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या होत्या. रोजानं येणाऱ्या बायका आल्याच नाहीत. आत्याबाईंनी पुढचं दार लावलं, कडी घातली आणि पोतं अंगणात पालथं केलं.

"फोड गुपचूप. मजूर मिळंना म्हणून घरच्या बायका बसल्यात, असं गावात झालं तर अण्णांनी तोंड कुठं दाखवावं?"

बोटं सुजेपर्यंत आम्ही फोडत होतो. इतक्यात भिंतीपलीकडून भुजंगरावांच्या बायकोचा आवाज आला, "काय करायलाव, वैनी?"

आत्याबाईंनी मला डोळ्यांनी दटावलं. "काही न्हाई बाई, जरा पडलेय. अन् तुमी?"

"आमीबी पडलोय की!"

मग भिंतीच्या दोन्ही बाजूंनी पुन्हा सुरू झालं... कट्, कट्, कट्!

*

आत्याबाईंचे भाऊ परभणीला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. ते एकदा मुक्कामाला आले. ओसरीवरची चिंता ऐकून त्यांना लेक्चरच सुचलं.

"दाजी, आशियातले जे देश श्रीमंत झाले, तिथं सगळीकडं हेच झालं. जपान घ्या. शेतातली तरणी माणसं कारखान्यात गेली. पोरं शिकत राहिली, उशिरा कामाला लागली. शेतावर राहिले म्हातारे."

अण्णा तक्क्या सोडून ताठ बसले. "म्हंजे आपण जपानच्या वाटंनंच चाललोत म्हणा की!"

"हो, पण तिथं बायकाही घराबाहेर पडून नोकऱ्या करू लागल्या. आता तर त्यांच्याशिवाय त्या देशांचं पान हलत नाही."

अण्णांनी बशीत चहा ओतला. फुंकर मारली. एक घोट घेतला.

"तेवढं सोडून बाकी सगळं जपान!"

*

आमच्याकडं सालगडी ठरवायचा तो पाडव्याला. पूर्वी म्हणे त्या दिवशी गडी ओसरीखाली हात बांधून उभे राहायचे. यंदा सकाळपासून कुणी फिरकलं नाही. अण्णा आणि भुजंगरावांनी एकमेकांना शब्द दिला, "मेलो तरी गड्याच्या दारात जायचं न्हाई!"

दुपारी गाव जेवून आडवं झालं, तेव्हा दोघं सखाराम गड्याच्या अंगणात समोरासमोर आले. एक या बोळातून, एक त्या बोळातून.

अण्णा म्हणाले, "आमचं वासरू सुटलंय. इकडं आलं का बघायलोय."

भुजंगराव म्हणाले, "अहो, आमीबी तेच हुडकायलोत!"

सखारामची बायको गया पदर सावरत बाहेर आली. "वासरू सकाळच्या एस्टीनं औरंगाबादला गेलं, मालक. कंपनीत लागलंय!"

हे मला गयानंच सांगितलं. सांगताना हसून हसून तिला खाली बसावं लागलं.

*

गावातल्या मुलींच्या शाळेचे अध्यक्ष अण्णाच. शाळेत गणिताला शिक्षक नाही, हे मला लग्नानंतर लगेच कळलं होतं. मी आधी यांना विचारलं. हे म्हणाले, "माझी काहीच हरकत नाही. फक्त मी असं म्हणालो, हे अण्णांना सांगू नकोस." आत्याबाईंना विचारलं, तर त्या घाबरल्याच. "सून नोकरीला गेली तर लोक म्हणतील, यांच्या घरात खायला कमी पडायलंय!" मग माझी सर्टिफिकेटं ट्रंकेत शालूखाली गेली.

परवा शिक्षण खात्याचे साहेब ओसरीवर आले. मी चहा गाळत होते.

"अध्यक्षसाहेब, गणिताला शिक्षक नाही तर दहावीचा वर्ग या महिनाअखेर बंद करावा लागेल. मुली घरी बसतील."

"काय करावं सायेब! जाहिरात दिली. परभणी-नांदेडला माणूस धाडला. यायलाच कुणी तयार न्हाई. काम नकोच झालंय लोकांला!"

भुजंगरावांनी मान हलवली. मी ट्रे घेऊन बाहेर आले, सगळ्यांना कप दिले. पाहुण्यांसमोर करतात तशी अण्णांनी लगेच माझी ओळख करून दिली, "ही आमची सून. बी.एस्सी., बी.एड. गणितात कॉलेजात पहिली!"

साहेबांची बशी तोंडाजवळच थांबली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग अण्णांकडं.

"म्हणजे... गावात गणित शिकवणारं खरंच कुणी नाही?"

"देवाशप्पत न्हाई! असतं तर मी उचलून आणून वर्गात हुबं केलं नसतं का?"

दाराआडून आत्याबाईंच्या बांगड्या वाजल्या. म्हणजे, आत ये. मी ट्रे खाली ठेवला. त्या ओसरीवर तोवर मी चहाशिवाय काही आणलं नव्हतं आणि "साखर टाकू का" याशिवाय काही बोलले नव्हते.

"उचलायला कशाला लागतंय, अण्णा? शाळा जवळच आहे. मी चालत जाईन."