हातात द्यायचं टपाल

टपालआबांनी कधी कुणाचं पत्र उंबऱ्यावर टाकलं नाही. दार बंद असलं तर परत फिरायचे आणि संध्याकाळी पुन्हा यायचे. आधी हात सदऱ्याला पुसायचे, मग दोन्ही हातांनी पत्र पुढं करायचे. "कुणीतरी आपल्या हातानं लिवलेलं हाय. मातीत कसं टाकायचं रं?" पलटणीत पंधरा वर्षं काढून ते कडेगावजवळच्या आमच्या गावचे पोस्टमन झाले होते.

नव्वदच्या दशकात मी सांगलीत एका कंपनीत पाकिटांवर पत्ते लिहायचो. 'अभिनंदन! आपली निवड झाली आहे,' अशी पत्रं आम्ही गठ्ठ्यांनी पाठवायचो. निवड कुणाचीच झालेली नसायची, पोस्टात पैसे भरून व्ही.पी.चं पार्सल सोडवलं की आतून जत्रेतल्या खेळण्यासारखं घड्याळ निघायचं. नवे पत्ते आणणाऱ्याची मालक पाठ थोपटायचे. एकदा सुट्टीला गावी आलो आणि आबांना म्हणालो, जवानांच्या घरी दिवाळीच्या शुभेच्छा पाठवायच्या आहेत, पत्ते सांगता का? आबा हरखले. पारावर बसून त्यांनी पंचक्रोशीतली नावं तोंडपाठ सांगितली, कोण कुठल्या पलटणीत हेसुद्धा. मी खाली मान घालून लिहीत राहिलो. शुभेच्छा कधीच गेल्या नाहीत. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या यादीतला सोनाकाकूंचा लेक त्याच हिवाळ्यात सीमेवर कामी आला. आमची पत्रं त्याच्या नावानं येतच राहिली. काकूंना वाचता येत नव्हतं. पाकीट आलं की त्यांना वाटायचं, पलटणीतून काही आलं असेल, लेकानं लिहिलेलं एखादं पत्र मागं राहिलं असेल. त्या आबांनाच वाचायला लावायच्या. आबा वाचायचे, अभिनंदन, आपली निवड झाली आहे.

पाकिटावरचं माझं अक्षर आबांनी ओळखलं होतं. रजा टाकून ते एसटीनं सांगलीला आले. ऑफिसात पाकिटं चिकटवायच्या खळीचा आंबूस वास कोंडलेला असायचा. आबा बसलेही नाहीत.

"बाकीचं ऱ्हाऊ दे. एवढं एक नाव काढ, गड्या. मला टपाल फाडता येत न्हाई, आन् त्या माऊलीच्या हातात द्यायला लय जड जातंय."

मी हो म्हणालो. ते गेल्यावर यादी काढली आणि त्या नावापुढं लाल खूण केली. नाव काढा म्हणणाऱ्यापुढं आमच्याकडं लाल खूण व्हायची. म्हणजे पत्ता खरा, पत्र पोचतं, कुणीतरी वाचतं. अशी नावं मालक इतर कंपन्यांनाही द्यायचे. मालक शेजारी उभे होते म्हणून, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. मालक जेवायला गेले होते.

मग पुण्याहून, दिल्लीहूनही पाकिटं यायला लागली. आबांनी ती काकूंना देणं थांबवलं आणि घरी ट्रंकेत ठेवू लागले. काही महिन्यांनी, निवृत्तीला थोडाच काळ उरला असताना, त्यांनी आपणहून राजीनामा दिला. टपाल दडवणाऱ्यानं खाकी घालू नये, एवढंच कारण सांगितलं. माझं नाव कुठं घेतलं नाही.

मी भेटायला गेलो ते कंपनी सोडल्याचं सांगायला. आबांनी ऐकून घेतलं. मग उठून ट्रंकेतून सुतळीनं बांधलेला गठ्ठा काढला, हात सदऱ्याला पुसले आणि दोन्ही हातांनी तो माझ्यापुढं धरला.

"एवढं एक द्यायचं ऱ्हायलं होतं."

मी गठ्ठा घेतला. सगळ्यात वरच्या पाकिटावर माझंच अक्षर होतं.