तांदळातलं नाव

शेतकऱ्याचा मान तो देशाचा मान, असं त्या कार्यालयाच्या दारावर पितळी अक्षरांत लिहिलंय. आत खुर्च्या दोनच. एकीवर साहेब, दुसरीवर साहेबांचा डबा. मी उभी.

आनेकलजवळ वडिलांची दीड एकर जमीन आहे. तिथे शेवंती लावते. वडील गेल्यापासून बारा वर्षं मी शहरातल्या बसवनगुडीहून पहाटेची बस धरते. खुरपते, तोडते, फुलं सिटी मार्केटात पोचवते. बोअरचं पाणी आटत चाललंय. उन्हाळ्याआधी ठिबक बसलं नाही तर रोपं जळणार. त्यासाठी सरकारी कर्ज हवं होतं.

कर्जाला आधी वंशवृक्ष लागतो, म्हणजे कोण कुणाचं मूल याचा दाखला. त्यात वडिलांची मुलगी यमुना, म्हणजे मी. आधारवर सुलोचना. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. नवऱ्याने अंगठीने ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, झालं. तांदूळ दुसऱ्या दिवशी भातात गेले. नोंद कुणी केली नाही.

हे ऐकून साहेब त्यांच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले, "सरी, बरं. त्या ताटाची झेरॉक्स आणा, अक्का."

माझ्यामागची रांग हसली. मीही हसले. ते हसू अजून सलतं.

मग साहेबांनी आवाज खाली आणला. "स्वल्प, थोडं सोपं करू या. यमुना वारली असं लिहून द्या. जमीन भावाच्या नावावर. कर्ज आठवड्यात."

भाऊ माझ्या मदतीला म्हणून आला होता. त्याने पिशवीतून स्टँपपेपर काढला. मजकूर आधीच टाइप केलेला. मृत्यूची तारीख तेवढी मोकळी.

"नुसता कागद गं ताई. फुलं तूच तोडशील की."

त्या मोकळ्या जागेवरून मी बोट फिरवलं. किती दिवस हा कागद त्याच्या पिशवीत होता? गेल्या रविवारी तो माझ्याकडे जेवला होता.

साहेबांनी पेन पुढे केलं. मी घेतलं. स्टँपपेपरची घडी घालून पर्समध्ये टाकली.

"ताई, तो कागद दे."

"माझ्या मरणाचा आहे. माझ्याकडेच राहील. उद्या वकील बघतील."

त्याने हात पुढे केला. मी पर्स काखेत दाबली. कर्जाच्या अर्जावर, पानापानावर, दोन्ही नावांनी सही केली. कर्ज मिळो न मिळो, त्या वाफ्यात पाय माझेच पडणार. आणि यापुढे मी हसणार नाही.

साहेबांनी अर्ज उलटसुलट पाहिला. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. अर्जदार हयात आहे काय?

मी लिहिलं, होय.

त्यांनी पुरावा मागितला.